डिस्प्ले प्रोटोकॉलमधले ऑब्जेक्ट आयडी: देणं सोपं, परत वापरणं अवघड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही स्वतःचा छोटा डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे ॲपच्या (क्लायंटच्या) विंडो स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅम, लिहिताय. आज क्लायंट युनिक्स सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या प्रोग्रॅममधल्या जोडणीवरून) बोलतात, उद्या नेटवर्कवरूनही बोलावेत अशी इच्छा आहे. सुरुवातीला विंडो, बफर (पिक्सेल ठेवायची मेमरी), कर्सर अशा प्रत्येक ऑब्जेक्टचा आयडी सर्व्हर द्यायचा. ॲप उघडायला वेळ लागतोय असं दिसल्यावर तुम्ही आयडी ठरवायचं काम क्लायंटकडे दिलंत. वेग आला, पण आता पॉपअप बंद करून लगेच दुसरी विंडो उघडली की कधीकधी पॉपअपचे माउस इव्हेंट त्या नव्या विंडोला मिळतात. क्वचित सर्व्हर ‘असा ऑब्जेक्टच नाही’ म्हणत कनेक्शन तोडून टाकतो. म्हणून तुम्ही विचारताय की आयडी नेमका कुणी द्यावा, ३२ बिटं पुरतील का, आणि एका क्लायंटला दुसऱ्याची विंडो कशी दाखवायची.

क्लायंटनेच द्यावा, तो बदल मागे घेऊ नका. आयडी देण्यात तुमची काही गडबड झालेली नाही. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये एक वाक्य लिहायचं राहिलंय: आयडी संपला असं कुणी, कुणाला आणि कधी सांगायचं. पॉपअपचा बग थेट तिथूनच येतो आणि कनेक्शन तुटण्याचा बग त्याचाच भाऊ आहे.

आधी ‘क्लायंटनेच’ का, ते. सर्व्हर आयडी देणार असेल तर ऑब्जेक्ट बनवा म्हणायचं, उत्तराची वाट बघायची आणि मगच पुढचं बोलायचं. ॲप उघडताना २०० ऑब्जेक्ट बनत असतील आणि नेटवर्कवर जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद लागत असतील, तर १० सेकंद नुसती वाट बघण्यात गेली. एकाच मशीनवर हा आकडा खूपच लहान होतो, पण सर्व्हर त्याच वेळी फ्रेम रंगवत बसला असेल तर क्लायंटला ताटकळावं लागतंच. क्लायंटला आयडी आधीच माहीत असेल तर ‘विंडो बनव, तिला हा बफर लाव, हे शीर्षक दे’ या तिन्ही रिक्वेस्ट तो एकाच दमात सॉकेटमध्ये लिहून मोकळा होतो. विंडो अजून जन्मायची असते, तरी तिच्या नावाने पुढचं काम सांगून झालेलं असतं.

एक्स११, म्हणजे युनिक्सवरचा जुना डिस्प्ले प्रोटोकॉल (थोडक्यात एक्स), हे १९८७ पासून करतंय. कनेक्शन जुळताना सर्व्हर क्लायंटला एक आधारांक आणि एक मास्क (आयडीची कोणती बिटं बदलता येतात ते सांगणारा आकडा) देतो आणि त्या पट्ट्यातले आयडी क्लायंटने हवे तसे वापरायचे असतात. आयडीची वरची ३ बिटं कायम शून्य असतात, म्हणजे उरली २९. एक्स.ऑर्ग या एक्स सर्व्हरची नेहमीची मर्यादा २५६ क्लायंटची, त्यात ८ बिटं ‘हा आयडी कुणाचा’ यासाठी जातात आणि प्रत्येक क्लायंटच्या हाती २१ बिटं राहतात. पट्ट्याबाहेरचा किंवा आधीच वापरात असलेला आयडी दिला तर ‘बॅड आयडी चॉइस’ ही एरर येते.

त्याच एक्समध्ये याच्या उलट उदाहरणही आहे, ते म्हणजे ॲटम. ॲटम म्हणजे एखाद्या स्ट्रिंगला दिलेला आकडा. तो सगळ्या क्लायंटना एकच दिसायला हवा, म्हणून तो सर्व्हरलाच द्यावा लागतो आणि म्हणून तिथे वाट बघणं आलं. एकेक ॲटम विचारत बसणारे जुने प्रोग्रॅम लांबच्या कनेक्शनवर उघडताना रेंगाळायचे, त्याचं हे एक मोठं कारण. एक्ससीबी या क्लायंटसाठीच्या लायब्ररीने रिक्वेस्ट आणि उत्तर वेगळं केल्यावर सगळे ॲटम आधी विचारून टाकायचे आणि उत्तरं नंतर गोळा करायची, अशी सोय झाली. तेव्हा कुणी द्यायचा हे परिस्थितीवर अवलंबून आहे हे खरं, पण कसोटी सोपी आहे. आकडा फक्त या दोघांमधला असेल तर बनवायला सांगणाऱ्याने द्यावा. सगळ्यांत सामाईक असेल तर सर्व्हरने.

वेलँड या एक्सनंतरच्या प्रोटोकॉलने हा आकडा पूर्णपणे त्या-त्या कनेक्शनपुरता ठेवला. तुमच्या क्लायंटचा १७ आणि शेजारच्या क्लायंटचा १७ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आयडी ३२ बिटांचा, ० म्हणजे ‘काही नाही’, १ म्हणजे डिस्प्ले, आणि तो जन्मतःच असतो. वरची ८ बिटं सगळी १ असलेला शेवटचा पट्टा सर्व्हरसाठी राखीव, बाकी सगळे क्लायंटचे. दोन्ही बाजू स्वतःच्या पट्ट्यातून आयडी देतात, त्यामुळे टक्कर होतच नाही. सर्फेस (विंडोचा पृष्ठभाग) बनवायची रिक्वेस्ट सॉकेटवर फक्त १२ बाइटची असते. पहिल्या चार बाइटमध्ये कंपोझिटरचा (सर्फेस बनवून देणाऱ्या ऑब्जेक्टचा) आयडी, समजा ४. पुढच्या चारमध्ये वरच्या अर्ध्यात लांबी १२ आणि खालच्या अर्ध्यात ऑपकोड (रिक्वेस्टचा क्रमांक) ०. शेवटच्या चारमध्ये नवा आयडी १७. याला उत्तर येत नाही आणि क्लायंट त्याची वाटही बघत नाही.

आता तुमच्या बगकडे. पॉपअपचा आयडी १७ आहे असं धरा. क्लायंट ‘१७ नष्ट कर’ असं लिहितो आणि १७ लगेच आपल्या मोकळ्या यादीत (परत वापरता येतील अशा आयडींच्या) टाकतो. त्याच क्षणी सर्व्हरने ‘१७ वर माउस हलला’ असा इव्हेंट सॉकेटमध्ये लिहून ठेवलेला आहे. नष्ट करायची रिक्वेस्ट त्याने अजून वाचलेलीच नाही. क्लायंट नवी विंडो उघडतो, मोकळ्या यादीतून १७ उचलतो आणि मग इव्हेंट वाचायला बसतो. टेबलात १७ सापडतो, जिवंत आहे, प्रकारही विंडोच आहे. इव्हेंट बिनबोभाट चुकीच्या जागी पोचतो. बंद पडलेला मोबाइल नंबर कंपनीने लगेच दुसऱ्याला दिला की जुन्या मालकाचे फोन नव्याला यायला लागतात, तसंच हे. दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने बरोबरच केलेलं असतं, म्हणून असा बग कोड वाचून सापडत नाही.

उपाय एका वाक्याचा आहे: ज्याने आयडी दिला, त्याला दुसऱ्या बाजूकडून त्या आयडीबद्दलचा शेवटचा निरोप येईपर्यंत तो परत वापरता येणार नाही.

क्लायंटने दिलेल्या आयडीसाठी वेलँडमध्ये हा निरोप म्हणजे डिलीट आयडी इव्हेंट. सर्व्हरने नष्ट करायची रिक्वेस्ट वाचली की तो ‘१७ संपला’ असं परत कळवतो. सॉकेट क्रम पाळतं, त्यामुळे जुन्या १७ चा जो काही इव्हेंट असेल तो या निरोपाच्या आधीच येणार. निरोप वाचल्यावर १७ मोकळ्या यादीत टाकायचा, त्याआधी नाही. क्लायंट यासाठी थांबत नाही हे लक्षात घ्या. नव्या विंडोला तो १८ देतो आणि पुढे जातो.

सर्व्हरने दिलेल्या आयडीला, उदाहरणार्थ क्लिपबोर्डवर नवं काही आल्याची ऑफर, वेगळा निरोप लागत नाही. तिथे क्लायंटची नष्ट करायची रिक्वेस्ट हाच दुसऱ्या बाजूचा शेवटचा शब्द असतो. ती वाचली की सर्व्हर तो आयडी पुन्हा वापरायला मोकळा. एका बाजूला पोच आहे आणि दुसरीला नाही, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला अर्धवट काम वाटतं. वरचं वाक्य लावून बघा, दोन्हीकडे नियम एकच आहे.

हे सगळं एकाच क्रमवार प्रवाहावर उभं आहे. उद्या नेटवर्कसाठी तुम्ही इनपुट एका प्रवाहात आणि चित्र दुसऱ्यात पाठवायचं ठरवलंत, तर एका प्रवाहावरचा ‘संपला’ हा निरोप दुसऱ्या प्रवाहावरच्या मेसेजबद्दल काहीच सांगत नाही. मग प्रत्येक प्रवाहावर पोच घ्यावी लागेल किंवा आयडीसोबत पिढीचा आकडा (तोच आयडी कितव्यांदा वापरला जातोय ते सांगणारा) पाठवावा लागेल. जमत असेल तर सगळे नियंत्रणाचे मेसेज एकाच प्रवाहात ठेवा आणि फक्त पिक्सेलचा मजकूर बाजूने न्या.

नष्ट केल्यापासून निरोप येईपर्यंतचा जो मधला काळ आहे, त्यात आयडी ‘झोंबी’ असतो. हा शब्द वेलँडच्या कोडमध्येच आहे. टेबलातली त्याची जागा रिकामी करायची नाही, तिथे खूण ठेवायची आणि त्याच्यासाठी आलेले इव्हेंट गुपचूप टाकून द्यायचे. मेसेजच्या डोक्यात लांबी असल्यामुळे बाइट टाकून देणं सोपं. फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलचे क्रमांक, मात्र तसे टाकता येत नाहीत.

युनिक्स सॉकेटवर फाइल डिस्क्रिप्टर मेसेजच्या बाइटमध्ये नसतात, ते बाजूच्या मार्गाने येतात आणि वाचणारा त्यांची वेगळी रांग करून ठेवतो. कोणत्या मेसेजला किती डिस्क्रिप्टर लागतात हे मेसेजच्या सहीवरून, म्हणजे ऑब्जेक्टच्या प्रकारावरून कळतं. आता समजा क्लायंटने कीबोर्ड ऑब्जेक्ट नष्ट केला आणि त्याच वेळी सर्व्हरकडून कीमॅपचा (कोणती कळ म्हणजे कोणतं अक्षर, या तक्त्याचा) इव्हेंट निघाला होता, ज्यात एक डिस्क्रिप्टर आहे. क्लायंटने बाइट टाकून दिले, पण तो ऑब्जेक्ट कोणत्या प्रकारचा होता हेच विसरला असेल तर डिस्क्रिप्टर रांगेत तसाच पडून राहतो. पुढच्या मेसेजला डिस्क्रिप्टर हवा असतो, त्याला हा जुना मिळतो. तिथून पुढे प्रत्येक मेसेजला एक घर मागचा डिस्क्रिप्टर मिळत राहतो. क्लिपबोर्डमधून मजकूर वाचायला जावं आणि हातात कीमॅप यावा, असले प्रकार होतात, आणि ते कीबोर्ड नष्ट केल्यानंतर बऱ्याच वेळाने होतात. वेलँडची लायब्ररी लिबवेलँड यासाठी झोंबीच्या खुणेजवळ प्रत्येक इव्हेंटचे डिस्क्रिप्टर किती, हे नोंदवून ठेवतं. तुमचा प्रोटोकॉल नवा आहे, तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर मेसेजच्या डोक्यातच डिस्क्रिप्टरची संख्या घातली असती. ८ बिटं खर्ची पडतील, पण अनोळखी मेसेजही धड टाकून देता येईल.

अशीच अडचण झोंबीला आलेल्या इव्हेंटमध्ये नवा ऑब्जेक्ट असेल तेव्हा येते. क्लायंट तो इव्हेंट टाकून देतो, पण सर्व्हरच्या लेखी ऑब्जेक्ट जन्मलेला असतो आणि त्याला नष्ट करणारं कुणीच नसतं. म्हणून शक्य तिथे सर्व्हरने ऑब्जेक्ट जन्माला घालणं टाळा. क्लायंटने आधी ऑब्जेक्ट मागावा आणि सर्व्हरने त्यात माहिती भरावी, ही रचना बहुतेक ठिकाणी चालते.

आता तो कनेक्शन तुटण्याचा भाग. तुमचा सर्व्हर काही ऑब्जेक्ट स्वतःहून मारतो असा माझा अंदाज आहे: मॉनिटर काढला, मूळ विंडो गेली म्हणून पॉपअप गेलं, वगैरे. क्लायंटला हे कळायच्या आत त्याने त्या ऑब्जेक्टवर एखादी रिक्वेस्ट लिहिलेली असते, ती येते, टेबलात काही सापडत नाही आणि सर्व्हर चिडतो. क्लायंटचा यात काडीचाही दोष नाही. एक्समध्ये अशा वेळी ‘बॅड विंडो’ एरर येते आणि कनेक्शन चालू राहतं. म्हणूनच प्रत्येक विंडो मॅनेजर स्वतःचा एरर हँडलर लावतो आणि ती एरर गिळून टाकतो, कारण विंडो कधीही नाहीशी होऊ शकते. वेलँडमध्ये प्रोटोकॉल एरर म्हणजे कनेक्शन संपलं. दोन्ही धोरणं चालतात, पण दुसरं घेतलंत तर ऑब्जेक्ट ‘निष्क्रिय’ करायची शिस्त त्यासोबत घ्यावीच लागते. सर्व्हरने फक्त ‘हा आता बंद झाला’ असा इव्हेंट पाठवायचा. ऑब्जेक्ट टेबलात राहतो, त्याच्यावर आलेल्या रिक्वेस्ट स्वीकारल्या जातात पण काहीच करत नाहीत, आणि क्लायंटने नष्ट करायची रिक्वेस्ट दिली की मगच तो जातो. तुम्ही एररचं कडक धोरण घेतलंत आणि ही शिस्त घेतली नाहीत, इतकंच झालंय.

बिटांबद्दल. परत वापर करणार असाल तर ३२ बिटं भरपूर झाली, कारण एका वेळी जिवंत असलेले ऑब्जेक्ट फार तर हजारांत असतात. परत वापर न करता नुसतं पुढे मोजत गेलात तर हिशोब वेगळा होतो. दर फ्रेमला एक कॉलबॅक (पुढची फ्रेम रंगवायची वेळ कळवणारा) ऑब्जेक्ट, सेकंदाला ६० फ्रेम, असं धरलं तर ३२ बिटं सव्वादोन वर्षं पुरतात. एक्सच्या २१ बिटांत २० लाख ९७ हजार १५२ आयडी बसतात. त्याच वेगाने ते दहा तासांच्या आत संपतील. एक्सची जुनी लायब्ररी एक्सलिब आकडा वाढवत जातं आणि पट्टा संपला की एक्ससी-मिस्क या एक्स्टेंशनमधून सर्व्हरला ‘मोकळे कुठले आहेत’ असं विचारतं, ते याच कारणाने.

मग ६४ बिटं घ्यावीत आणि परत वापराची भानगडच नको, असं वाटणं स्वाभाविक आहे. सेकंदाला दहा लाख आयडी उधळले तरी पाच लाखांहून जास्त वर्षं पुरतील. चुकीच्या विंडोला इव्हेंट जाणं यातून खरोखर थांबतं. पण झोंबीची नोंद कधी पुसायची हे कळायला ‘संपला’ हा निरोप तरीही लागतोच, डिस्क्रिप्टरचा घोळही तसाच राहतो, आणि साध्या ॲरेऐवजी हॅश टेबल येतं. निरोप ठेवायचाच असेल तर ३२ बिटं घ्या. पिढीचा आकडा मी सर्व्हरच्या आत वापरतो: ॲनिमेशनचा टायमर, ड्रॅग चालू असलेली विंडो असल्या जागी पॉइंटरऐवजी जागेचा क्रमांक आणि पिढी असं हँडल ठेवतो, म्हणजे मेलेली विंडो परत कुणी हलवायला जात नाही.

क्लायंटवर विश्वास ठेवू नका हे वेगळं सांगायला नको, तरी एक गोष्ट बऱ्याच जणांकडून सुटते. टेबल ॲरेचं असेल आणि क्लायंटने पहिलाच आयडी ४०० कोटींच्या आसपासचा दिला तर ८ बाइटच्या पॉइंटरने ३० जीबीहून मोठी ॲरे मागितली जाईल. लिबवेलँड म्हणून आयडी सलग मागतं. मधली जागा सोडून पुढचा आकडा दिला की नकार. प्रत्येक आर्ग्युमेंटचा प्रकारही तपासा, विंडो हवी तिथे बफरचा आयडी आला तर तिथेच अडवा.

शेवटचा जोडप्रश्न. एक्समध्ये आयडी सगळ्यांत सामाईक असतात, त्यामुळे कुणीही कुणाच्याही विंडोचं नाव घेऊ शकतो. विंडो मॅनेजर आणि स्क्रीन रेकॉर्डर लिहायला ते सोयीचं, पण कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या विंडोत डोकावू शकतो. भरीला, एक क्लायंट गेला की त्याचा पट्टा पुढच्या क्लायंटला मिळू शकतो, मग जपून ठेवलेला जुना आयडी परक्याच विंडोकडे बोट दाखवतो. लिनक्सच्या ग्राफिक्स बफरचाही हाच प्रवास झाला: आधी जेमच्या (कर्नलमधल्या ग्राफिक्स मेमरी सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) फ्लिंकमधली सगळ्यांसाठी सामाईक आणि अंदाज बांधता येईल अशी छोटी नावं होती, पुढे डीएमए-बफच्या फाइल डिस्क्रिप्टरने ती जागा घेतली. वेलँडमध्ये एक्सडीजी-फॉरेन हे एक्स्टेंशन विंडोसाठी एक स्ट्रिंग देतं. ती दुसऱ्या क्लायंटला कशी पोचवायची हे तुम्ही बघायचं, आणि तो क्लायंट ती सर्व्हरला दाखवून स्वतःच्या कनेक्शनवरचा नवा आयडी मिळवतो. तुम्हीही तेच करा. टोकन १२८ बिटांचं आणि यादृच्छिक असू द्या, मूळ विंडो गेली की ते रद्द करा, आणि कच्चा आयडी एका कनेक्शनवरून दुसऱ्यावर कधीच जाऊ देऊ नका.

दुरुस्ती झाली की नाही हे पडताळायचं असेल तर नशिबावर सोडू नका. मोकळी यादी अशी ठेवा की सर्वांत शेवटी मोकळा झालेला आयडी सर्वांत आधी दिला जाईल. क्लायंटच्या वाचनात मुद्दाम १०० मिलिसेकंदांचा उशीर घाला आणि एका लूपमध्ये माउस हलवत पॉपअप उघडा-बंद करा. वेलँडमध्ये वेलँड_डीबग हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केला की प्रत्येक मेसेज ऑब्जेक्टचा प्रकार आणि आयडी यांसह छापला जातो. तुमच्या लॉगमध्ये तेवढं तर घालाच, वर पिढीचा आकडाही छापा. आज जुना १७ आणि नवा १७ लॉगमध्ये सारखेच दिसतात. पिढी छापलीत की ‘१७, पिढी ३’ नष्ट झाल्यावरही ‘१७, पिढी ४’ च्या नावावर माउसचा इव्हेंट कुठे वळला, ती ओळ शोधता येईल. नव्या कोडमध्ये त्या जागी इव्हेंट टाकून दिल्याची नोंद दिसायला हवी, आणि पिढी ४ चा जन्म डिलीट आयडीच्या ओळीच्या खालीच असायला हवा.